मागच्या कामाचा विमा

गेवराईच्या बद्रीनाथ मिस्त्रीची बातमी आली तेव्हा हरिओम तेलगावातल्या आपल्या दुकानात चौकटीला रंधा मारत होता. फोन बद्रीनाथच्या मेहुण्याचा होता. गेवराईतल्या एका कापड दुकानात बद्रीनाथनं साड्यांचे गठ्ठे ठेवायला भिंतभर लाकडी मांडणी बसवली होती. लग्नसराईत मालकानं तिच्यावर नेहमीपेक्षा जास्त माल चढवला आणि भर दुपारी, दुकान बायकांनी भरलेलं असताना, मांडणी प्लास्टरसकट खाली आली. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेली एक बाई नेमकी तिच्याखाली बसलेली. बाई जगली, पण कमरेखालचं अंग गेलं.

दुकानदारानं सरळ हात वर केले. मांडणी मी केली का, मिस्त्रीनं केली, असं म्हणून मोकळा झाला. बाईच्या घरचे बद्रीनाथच्या दारात आले. पोलीस आले. पुढं कोर्ट काय म्हणेल ते म्हणेल, पण चार माणसांत बसून जे ठरलं त्यात बद्रीनाथचं रान गेलं आणि यंत्रंही गेली.

हरिओम आणि बद्रीनाथ एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. एकाच ताटात जेवलेले. हरिओम दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून गेवराईला गेला. बद्रीनाथ घराच्या पडवीत भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, हात मांडीवर उताणे टाकलेले. हरिओमनं इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. बद्रीनाथ हं हं करत राहिला. चहा झाला. हरिओम उठायला लागला तसा तो एकच वाक्य बोलला.

"खिळे-बोल्ट मी नेहमीसारखेच मारलते, हरिओम."

तेलगावला परतताना हरिओमच्या डोक्यात हेच वाक्य घुमत राहिलं. बद्रीनाथनं कामात खोट केली असती, माल चोरला असता, दारू पिऊन भोकं पाडली असती, तर हरिओमला वाईट वाटलं असतं, पण भ्या वाटलं नसतं. नेहमीसारखेच म्हणजे कसे, ते त्याला ठाऊक होतं. तोही तसेच मारत होता. तेलगाव, दिंद्रुड आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर त्यानं भिंतींना काय काय टांगलं होतं याचा हिशेब त्यानं कधी ठेवला नव्हता. स्वयंपाकघरातली कपाटं, देवघरं, टीव्हीच्या फळ्या. काम झालं, हात धुतले, घरी आला.

संध्याकाळी जेवताना त्यानं संगीताला विचारलं, "आपण दुकानाचा विमा काढला तर?"

"आगीचा?"

"आगीचा न्हाई. आपल्या कामानं कोणाला लागलं, कोणी मेलंबिलं, तर त्याची भरपाई देणारा. असतो म्हणतेत."

संगीता बायकोपेक्षा दुकानाची कारभारीणच जास्त होती. गिऱ्हाइकांचे फोन तीच घ्यायची, उशीर झाला की बोलणी तीच खायची. तिनं भाकरी तव्यावर उलटली आणि म्हणाली, "जबाबदारीचा बी विमा असतो व्हय? मग समद्यांनीच काढला असता की."

गावात विम्याचं काम करणारा एक जण होता. हॉटेलात सकाळचा चहा प्यायला येणाऱ्यांना तो पेन्शन, मुलीचं लग्न आणि अकाली मरण या तीन गोष्टी समजावून सांगायचा. हरिओमनं त्याला गाठलं. त्यानं लगेच पिशवी उघडली.

"तुमचं वय चाळिशीच्या आत हाय. उद्या तुमाला काय झालं तर वहिनीला काय कमी पडायचं न्हाई."

"मला काय झालं तर न्हाई. माझ्यामुळं दुसऱ्याला काय झालं तर?"

विमावाला त्याच्याकडं बघत राहिला, मग हसला. शेजारच्या बाकड्यावरच्यांकडं वळून म्हणाला, "ऐका. मिस्त्री आधीच विचारायलेत, माझं कपाट कोणाच्या डोक्यात पडलं तर काय."

बाकडं हसलं. हरिओमही हसल्यासारखं करून चहाचे पैसे देऊन निघाला. पण ती गोष्ट त्याच्या आधी गावात फिरली. हॉटेलातून सलूनात, सलूनातून दूध डेअरीवर. जाईल तिथं तिला पाय फुटत गेले आणि डेअरीवर पोचेपर्यंत ती अशी झाली होती की हरिओमच्या कामाचा आता भरवसा राहिला नाही, म्हणून तो विमा काढायला लागलाय.

तो बीडला गेला. विमा कंपनीच्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला. तिथला साहेब माणूस म्हणून बरा होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं. दुकानाचा, यंत्रांचा, मालाचा विमा निघेल म्हणाला. हे तुम्ही म्हणता तसलं कारखान्यांसाठी असतं, सुतारकामाला कुणी मागितलेलं मला आठवत नाही. मग थोडा विचार करून त्यानं माजलगावच्या एका बाईचा नंबर दिला. तेजश्री नाव. ट्रॅक्टर-मोटारींचे विमे काढते, पण अभ्यासू आहे, तिला विचारून बघा.

तेजश्रीला हरिओमनं फोनवर सगळं सांगितलं. ती हसली नाही. दोन दिवसांनी स्कूटीवरून दुकानात आली. पस्तिशीची, डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला. तिनं आधी यंत्रं पाहिली, विजेच्या वायरी पाहिल्या, भुशाचा ढीग पाहून नाक मुरडलं आणि मग खुर्चीत बसली.

"दादा, असा विमा असतो. लायबिलिटी म्हणतात त्याला. कुणी मागत नाही म्हणून आमच्याकडचे लोकही सांगत नाहीत. पण तो दोन तुकड्यांत समजून घ्या. तुम्ही एखाद्याच्या घरी काम करताय आणि तुमची शिडी पडून कुणाला लागलं, हा एक भाग. काम करून आलात, नंतर ते पडलं, हा दुसरा. दुसरा वेगळा मागून घ्यावा लागतो. कंपनी सहजासहजी देत नाही. मी मागते."

हरिओमच्या छातीवरचं ओझं किती तरी दिवसांनी हललं. "लई उपकार होतील, ताई."

"उपकार नाहीत. माझं कमिशन आहे त्यात," ती म्हणाली. "पण एक लक्षात ठेवा. विमा ज्या दिवशी सुरू होईल त्याच्या पुढच्या कामाला तो लागू. मागच्याला नाही."

"मागच्याला न्हाई म्हंजे?"

"आजवर जे बसवून ठेवलंय ते तुमचं. ते कुठलीच कंपनी घेणार नाही."

संगीता चहा घेऊन दारात उभी होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि कप खाली ठेवायचंच विसरली.

त्या दिवसापासून हरिओमला भिंती दिसायला लागल्या. रस्त्यानं जाताना घर दिसलं की आतली भिंत दिसायची. ही पांढऱ्या मातीची, वरून सिमेंटचं प्लास्टर. ही नवी, विटांची. इथं देवघर टांगलंय, तिथं भांड्यांचं कपाट. मराठवाड्यातली जुनी घरं बाहेरून रंगवली की नवी वाटतात, पण ड्रिल आत गेलं की पांढरी माती भुरूभुरू गळते. हरिओम अशा भिंतीत लांब बोल्ट घालायचा. उस्तादानं तसंच शिकवलं होतं. पण बद्रीनाथलाही त्याच उस्तादानं शिकवलं होतं.

शेवटी त्यानं ठरवलं. जेवढी आठवतील तेवढी घरं बघून यायची. जिथं सैल वाटेल तिथं आवळायचं, नाहीतर काढून खाली मांडायचं. पैसे घ्यायचे नाहीत.

संगीताला हे पटलं नाही. "लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हणतील मिस्त्रीच्या मनात पाप हाय. न्हाईतर फुकट कोण येतंय स्क्रू आवळायला?"

ती म्हणाली तसंच झालं. पहिल्या दोन-चार घरांत बायकांनी चहा दिला, बघा म्हणाल्या. नंतरच्या घरांत दारातूनच प्रश्न सुरू झाले. का, काय झालं, आमचं पडणार हाय का? एका घरात तो भिंतीवर बोटं वाजवून बघत होता, तेवढ्यात घरातला म्हातारा म्हणाला, "बसवलं तवा वाजवलं न्हाईस का बे?" हरिओमनं दुसऱ्या कडेला बोटं वाजवली. कपाट पक्कं होतं, पण त्या घरातल्यांनी त्याच संध्याकाळी त्यातली सगळी भांडी खाली काढून ठेवली, असं संगीताला कळलं.

दिंद्रुडच्या रस्त्याला बबनराव बंगला बांधत होते. दोन साखर कारखान्यांच्या राजकारणात वावरलेले, शब्द मोजून वापरणारे. बंगल्याचं सगळं लाकूडकाम हरिओमकडं होतं आणि त्या कामावरच त्याचं अख्खं वर्ष निघणार होतं. बबनरावांनी त्याला बोलावून घेतलं. पायऱ्यांवर अजून वाळू पडलेली, त्या पायऱ्यांवरच ते उभे होते.

"हरिओम, विमा काढायलास म्हणं."

"व्हय. दिवस तसे आलेत."

"काढ. माझं काय म्हणणं न्हाई. पण गावभर फिरून स्वतःच्याच कामाच्या भिंती ठोकून बघायलास, ते बंद कर. लोक मला विचारायलेत, तुमच्या हॉलचं लाकडी छत त्याच्याच हातचं का म्हणून. सून म्हणती, मी त्या छताखाली लेकरू झोपवणार न्हाई. काय सांगू तिला?"

"काम पक्कं हाय, बबनराव."

"हाय ना पक्कं? मग गप बस. पक्क्या कामाचा माणूस गप असतो."

हरिओम मान हलवून आला. दोन-तीन दिवस तो खरंच गप बसला. बंगल्यावर जायचा, काम करायचा, घरी यायचा. जेवण मात्र जात नव्हतं. घास घोळवत बसायचा. संगीता आधी रागात होती, मग तिला काळजी वाटायला लागली, आणि एक दिवस तीच भांडी घासता घासता थांबली.

"आवो, छबुबाईच्या घरी तुमी मोठं कपाट टांगलं होतं. अंथरुणं ठेवायचं."

"हाय ध्यानात."

"मी काल तूप आणायला गेलते. त्या भितीच्या पल्याड रविराजनं न्हाणी बांधलीय. भित ओली हाय समदी. आन् आरोही त्याच्याखालीच सतरंजी टाकून अभ्यासाला बसती."

छबुबाई गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. मेंढरं, दोन म्हशी, मुलगा रविराज, सून सत्यशीला आणि नात आरोही. घर मातीचं, वरून प्लास्टर केलेलं. कपाट त्याच्या हातचं सगळ्यांत जड काम. आणि न्हाणी नंतरची.

त्यानं तेजश्रीला फोन लावला. विम्याचे कागद कंपनीकडं गेले होते आणि उत्तर यायचं होतं. त्यानं तिला छबुबाईच्या भिंतीचं सांगितलं.

"दादा, मी तुम्हाला जाऊ नका असं म्हणणार नाही. पण माझं काम आहे म्हणून सांगते. कुणाला लिहून देऊ नका, माझं काम कच्चं आहे असं चार लोकांत बोलू नका. उद्या कंपनीनं विचारलं, की ह्याला आधीच माहीत होतं, तर कागद तिथंच अडकेल."

"आन् न्हाई गेलो तर?"

"ते मला विचारू नका," ती म्हणाली. "मी विमा विकते."

तो गेला. दुपारची वेळ होती, मेंढरं रानात होती. छबुबाई दारात बसून लोकर विंचरत होती. तिनं त्याला पाणी दिलं. आत आरोही पोटावर पडून, पाय हलवत गणितं सोडवत होती. तिच्या डोक्यावर ते कपाट, गच्च भरलेलं, दार पुरतं न लागलेलं. हरिओमनं भिंतीला हात लावला. हाताला गारवा लागला. कपाटाच्या वरच्या कडेशी बोटभर फट पडली होती आणि फटीतून माती सांडून कपाटाच्या माथ्यावर रेघ उमटली होती.

"मावशी, लेकराला भाईर काढा आधी," तो म्हणाला. "हे खाली घ्यावं लागंल."

छबुबाईनं आरोहीला हाक मारून दाराशी घेतलं. पण तेवढ्यात रविराज मोटारसायकलवरून आला. मागं त्याचे दोघं दोस्त. गावात काय बोललं जातंय ते त्यानं ऐकलं होतं, आणि घरात शिरून मिस्त्री आपल्या आईला काहीतरी सांगतोय हे बघून त्याचं डोकं सरकलं.

"काय करायलाव, मिस्त्री?"

"कपाट उतरवायला लागंल, रविराज. भित ओली झालीय."

"भित ओली झाली म्हंजे माझी न्हाणी वाईट. तुमचं काम चांगलं, असंच ना?"

"तसं न्हाई म्हनलो मी."

"मग कसं? पैसे घेताना तर म्हनलाव, नातवंडांपर्यंत हलायचं न्हाई. आता फुकट उतरवायला आलाव, म्हंजे तुमाला ठावं होतं." त्यानं खिशातून फोन काढला आणि कॅमेरा हरिओमच्या तोंडासमोर धरला. "बोला. काम कच्चं हाय म्हणून बोला. मग हात लावा. न्हाईतर उद्या भित पडली की तुमीच म्हणाल, रविराजनं पाणी सोडलं."

वस्तीवरची दोन-चार माणसं दारात जमली. सत्यशीला शेतातून आली होती, ती पदर कमरेला खोचून गर्दीमागं उभी राहिली. हरिओमला तेजश्रीचं बोलणं आठवलं. बबनराव आठवले, आणि पडवीत बसलेला बद्रीनाथ. न्हाणी नसती तर कपाट टिकलं असतं का? टिकलं असतं, बहुतेक. आणि भिंत मातीची आहे हे माहीत असताना एवढं जड कपाट तिच्यावर टांगायला नको होतं, हेही खरं. चूक किती आपली आणि किती पाण्याची, हे एखादं कोर्ट वर्षभर बसून ठरवेल. इथं तेवढा वेळ नव्हता. त्या फटीतून अजून माती गळत होती.

"चालू हाय का?" त्यानं फोनकडं बोट करून विचारलं.

"हाय."

"मी हरिओम सुतार, तेलगाव. ह्या घरातलं कपाट मी बसवलंय. भित मातीची हाय हे मला ठावं होतं. ते असं टांगायला नको होतं. ते आता धोक्याचं झालंय आन् मी ते उतरवायलोय." त्यानं श्वास घेतला. "झालं? आता धर एका बाजूनं."

रविराज क्षणभर घोटाळला. त्याला बहुधा वाद हवा होता. त्यानं फोन एका दोस्ताच्या हातात दिला. सत्यशीला पुढं झाली आणि कपाटातली अंथरुणं काढायला लागली. गोधड्या, उशा, तिच्या लग्नातली पितळी भांडी, सगळं बाहेर आलं. मग हरिओमनं खालून दोन लाकडी बल्ल्या टेकवल्या, एका बाजूला रविराजला आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या दोस्ताला उभं केलं आणि शिडीवर चढून पहिल्या बोल्टला पाना लावला.

पाना फिरलाच नाही. बोल्ट तसाच्या तसा, ओल्या मातीच्या गोळ्यासकट, त्याच्या हातात आला. लगेच कपाट झुकलं. बल्ली करकरली. "सोडू नका," हरिओम म्हणाला, आणि त्यानं खांदा लावला. तिघांनी मिळून ते खाली टेकवलं तेव्हा मागची भिंत हातभर खचून जमिनीवर आली, आरोहीच्या सतरंजीवर. गणिताची वही मातीखाली गेली.

छबुबाईनं नातीला पोटाशी धरलं होतं. रविराज त्या ढिगाऱ्याकडं बघत होता. मग तो बाहेर गेला आणि न्हाणीच्या भिंतीला हात लावून बराच वेळ तिथंच उभा राहिला. हरिओमच्या खांद्याची कातडी सोलली होती. सत्यशीलानं हळद आणली. "बसा मिस्त्री," एवढंच ती म्हणाली.

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर होता. कोणी टाकला कळलं नाही. रविराज म्हणाला, मी न्हाई. हरिओमला ते खरं वाटलं. पण व्हिडिओ तेवढाच होता, हरिओमनं बोललेला. कपाट उतरवलेलं त्यात नव्हतं, भिंत पडलेली नव्हती. ज्याच्या त्याच्या फोनवर हरिओम सुतार हात जोडल्यासारखा उभा राहून सांगत होता की मला ठावं होतं.

बबनरावांनी स्वतः फोन केला नाही. त्यांचा माणूस आला, यंत्रं उचलून घ्या म्हणाला. झालेल्या कामाचे पैसे त्यांनी दिले, त्यात खळखळ केली नाही. बंगल्याच्या हॉलमधलं छत अर्धं झालेलं. हरिओमनं शिडी उतरवताना त्याच्याकडं पाहिलं. चांगलं काम होतं. आता पुढचं दुसरा कुणीतरी करणार होता आणि कुठं त्याचं संपलं, कुठं दुसऱ्याचं सुरू झालं, ते खालून कुणाला कळणार नव्हतं.

घरी आल्यावर संगीता बोलायची थांबत नव्हती. वर्षाचं काम गेलं, आता काय खायचं, तुम्हाला खरं बोलायची हौस होती तर त्या पोराच्या फोनात कशाला बोललाव. बोलता बोलता ती रडायला लागली. "मीच सांगितलं ना तुमाला त्या ओल्या भितीचं," ती म्हणाली. "माझ्याच तोंडानं सांगितलं."

"बरं झालं सांगितलंस."

"त्या लेकराच्या अंगावर पडलं असतं."

"म्हणून म्हनलं, बरं झालं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. पण रडायची थांबायला तिला वेळ लागला.

आठवडा-दोन आठवड्यांनी तेजश्री आली. तिनंही व्हिडिओ पाहिला होता. तिनं तो कंपनीला आपणहून दाखवला. लपवला असता आणि नंतर कळलं असतं तर विमा असून नसल्यासारखा झाला असता, असं तिचं म्हणणं. पुऱ्या गोष्टीचं तिनं वर पत्र लिहिलं होतं, भिंतीचे फोटो जोडले होते. कंपनीनं विमा दिला होता.

"दिला?" संगीतानं विचारलं.

"दिला. पण एक अट घातलीय." तेजश्रीनं कागद उलगडला. "दारं, खिडक्या, पलंग, टेबल, जमिनीवर उभं राहणारं सगळं त्यात आलं. भिंतीला किंवा छताला टांगलेलं काम मात्र वगळलंय."

हरिओम हसला. हसू येण्यासारखं काही नव्हतं, तरी आलं. "म्हंजे जे पडू शकतं, तेवढं सोडून."

"हो," तेजश्री म्हणाली. तीही ओशाळली होती. "एक वर्ष काढा. पुढच्या वर्षी मी परत मागते. आत्ता घेऊ नका म्हणालात तरी मला राग नाही."

हरिओमनं तो कागद बराच वेळ हातात धरला. ह्याच्यासाठी तो बीडला गेला होता, ह्याच्यासाठी हॉटेलात हसं झालं होतं. हा कागद हातात आला की आपण मोकळे होऊ, असं त्याला वाटलं होतं. आता त्याच्या ध्यानात आलं की कागद पुरा आला असता तरी छबुबाईची भिंत त्यात नव्हतीच. ती घरं तशीच राहिली असती, आणि त्याला जेवण तसंच गेलं नसतं.

त्यानं विमा घेतला. शिडी पडून कुणाला लागलं तर विमा लागतोच, तो म्हणाला.

टांगायची कामं त्यानं बंद केली. कामं मुळात कमीच झाली होती, त्यामुळं बंद करायलाही फार काही नव्हतं. चौकटी आणि पलंग यांवर घर चालत नव्हतं, म्हणून संगीतानं कापूस वेचायला जायला सुरुवात केली. त्याला ते लागलं. ती म्हणाली, लागू द्या, वर्षभराचा प्रश्न हाय. वर्षभराचाच आहे का, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

असंच एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. संगीतानं घेतला. पलीकडून एक म्हातारी बोलत होती, दिंद्रुडची सुंदरबाई. नातवानं व्हिडिओ दाखवला होता म्हणाली.

"आमच्यात बी मिस्त्रीनंच देवघर बसवलंय. सून त्याच्याखालून जायला भितीय. मला रोज पूजा करावी लागती, मी कुठं जाऊ? त्यायला म्हणावं येऊन बघा. काय असंल ते तोंडावर सांगा."

संगीतानं फोन हरिओमकडं दिला नाही. तिनंच पत्ता नीट विचारून घेतला, भिंत मातीची की विटांची तेही विचारलं. मग ड्रिलची पेटी मोटारसायकलला बांधायला घेतली.

"मी येती," ती म्हणाली. "बल्ली धरायला कोणीतरी लागंल."

कापसाची वेचणी त्या दिवशी बुडाली. दिंद्रुडला सुंदरबाईच्या घरी पोचले तेव्हा घरातली सगळी माणसं आधीच अंगणात येऊन बसली होती, जशी भूकंपाला बसतात तशी. कुणी चहा विचारला नाही. सून दाराशी अंग चोरून उभी होती. हरिओमनं चपला काढल्या, आत गेला, देवघराला हात जोडले आणि मग भिंतीला कान लावून बोटांनी वाजवायला लागला. वरपासून खालपर्यंत, हळूहळू. संगीता खाली बल्ली टेकवून उभी होती.

"काय म्हणती भित?" तिनं विचारलं.

"थांब," तो म्हणाला. "डावी बाजू राहिलीय."